सैनिकाचे बिऱ्हाड

सव्वीस जानेवारीचे संचलन पाहताना ज्यांचा ऊर अभिमानाने भरून येतो, अशा कुटुंबांना महाराष्ट्रात तोटा नाही. रणगाडे जातात, तोफा जातात, मराठा लाइट इन्फन्ट्रीची तुकडी पडद्यावर आली की घरातल्या लहानग्यांना हाक मारून बोलावले जाते. हे सारे चांगलेच आहे. परंतु त्याच तुकडीतला एखादा नाईक किंवा हवालदार पत्नी आणि दोन मुले बरोबर घेऊन, पत्र्याच्या काळ्या ट्रंका टेम्पोत चढवून एखाद्या शहरात भाड्याची खोली शोधत फिरतो, तेव्हा संचलन पाहणाऱ्या त्याच समाजाचा पहिला प्रश्न असतो, ‘किती महिने राहणार?’ आणि दुसरा, ‘पुरुषमाणूस घरात असणार की नाही?’ या दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्या सैनिकाच्या हाती नसतात. ती त्याच्या पलटणीच्या पुढच्या हुकमात असतात, आणि तो हुकूम कधी येईल हे त्यालाही ठाऊक नसते.

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे म्हण आहे. सैनिकाच्या बाबतीत ती अर्धीच खरी आहे. त्याचे स्वतःचे बिऱ्हाड पाठीवर असते हे खरे. पण त्याच्या पत्नीचे, मुलांचे, म्हाताऱ्या आई-वडिलांचे बिऱ्हाड पाठीवर मावत नाही. ते कुठे आणि कसे थाटायचे, हा प्रश्न दर दोन-तीन वर्षांनी नव्याने उभा राहतो.

बदली म्हणजे काय, हे नागरी जीवनात वावरणाऱ्यांना नीटसे कळत नाही. बँकेतल्या किंवा महसूल खात्यातल्या माणसाची बदली होते तेव्हा तो एकटा हलतो आणि त्याचे खाते जागेवर राहते. पायदळात बहुधा सबंध पलटणच हलते. आधी एक छोटी तुकडी पुढे जाऊन नव्या ठाण्याचा ताबा घेते. राहण्याची जागा, शस्त्रागार, स्वयंपाकघर, वाहने, कागदपत्रे यांची मोजदाद होते. मग खास लष्करी रेल्वेगाडीने उर्वरित पलटण येते. काही वर्षे ‘फिल्ड’, म्हणजे सीमेवरील किंवा दहशतवादग्रस्त भागातील ठाणे, आणि काही वर्षे ‘पीस’, म्हणजे शांततेचे ठाणे, असे हे चक्र आहे. फिल्डवर कुटुंब नेता येत नाही. पीसमध्ये नेता येते, पण क्वार्टर रिकामे असेल तर. आणि ते मिळण्यासाठी नंबर लागतो. अधिकाऱ्यांच्या बदल्या याखेरीज वैयक्तिकही होतात. आज पलटणीत, उद्या मुख्यालयात, परवा एखाद्या प्रशिक्षण संस्थेत.

लेह-लडाखच्या उंचीवर जाणाऱ्या जवानाच्या बाबतीत लष्कराने मोठी शिस्त घालून दिलेली आहे. नऊ हजार फुटांवर पोहोचलेल्या जवानाला थेट वर धाडत नाहीत. पहिल्या टप्प्यात सहा दिवस, बारा हजार फुटांच्या वर चार दिवस आणि पंधरा हजारांच्या वर आणखी चार दिवस असे चौदा दिवस त्याच्या शरीराला विरळ हवेची सवय करवली जाते. पहिले दोन दिवस तर सक्तीची विश्रांती असते. यात घाई केली तर फुप्फुसात पाणी होऊन धडधाकट तरुणही दगावतो, हे अनुभवाने शिकलेले शहाणपण आहे. जवानाच्या फुप्फुसांसाठी अशी टप्प्याटप्प्याची व्यवस्था झाली. त्याच्या घरासाठी ती कोणी करायची? केवळ सरकारने, असे उत्तर देऊन मोकळे होणे सोपे आहे, आणि बहुतेक जण तसे मोकळे होतातही.

सातारा जिल्ह्यातल्या माण-खटावच्या पट्ट्यात, सांगली-कोल्हापूरच्या गावोगावी, नगर-बीडच्या दुष्काळी भागात सैन्यात माणूस नाही असे घर शोधावे लागते, अशी कित्येक गावे आहेत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाचे नावच ‘अपशिंगे मिलिटरी’ असे पडले आहे. बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे. या रेजिमेंटची परंपरा १७६८ सालापर्यंत मागे जाते. महार रेजिमेंटचे केंद्र मध्य प्रदेशात सागरला आहे. खडकीत बॉम्बे इंजिनिअर ग्रुप आहे. तोफखान्यात, रणगाडा दलात, वैद्यकीय आणि पुरवठा विभागांत मराठी मुलगे पसरलेले आहेत. अशा एखाद्या गावातली मुलगी विसाव्या-बाविसाव्या वर्षी जवानाशी लग्न करते. पहिली दोन-तीन वर्षे सासू-सासऱ्यांजवळ जातात; नवरा वर्षातून साठ-नव्वद दिवस सुट्टीवर येतो. मग कधीतरी निरोप येतो, क्वार्टर मिळाले. आणि माणदेशातून कधी तालुक्याबाहेर न गेलेली ती मुलगी कडेवर तान्हे मूल घेऊन पठाणकोटला किंवा जोधपूरला किंवा थेट आसामात उतरते.

तिथे तिला पहिली अडचण येते ती भाषेची. दूधवाल्याशी हिंदीत, शेजारणीशी हिंदीत, दवाखान्यात हिंदीत. दुसरी अडचण पाण्याची, हवेची आणि अन्नाची. ज्वारीची भाकरी जिची सकाळ-संध्याकाळची सवय, तिला उत्तरेत ज्वारीचे पीठ मिळत नाही. म्हणूनच सुट्टीवरून परतणाऱ्या जवानाच्या ट्रंकेत पिठाचा डबा आणि चटणीची बरणी असते. तिसरी अडचण अशी, की नवरा पीसमध्ये असला तरी घरात असेलच असे नाही. युद्धसराव, फायरिंग रेंज, कोर्स, बंदोबस्त यांत महिनेच्या महिने जातात. गॅसचे सिलिंडर, मुलाचा ताप, शाळेची फी हे सारे तिचे तिलाच पाहावे लागते. दोन वर्षांत ती हे सगळे शिकते. हिंदी सफाईने बोलू लागते, बँकेचे व्यवहार करू लागते, बसने एकटी प्रवास करू लागते. आणि ती रुळली न रुळली तोच पलटण फिल्डला निघते. आता क्वार्टर सोडायचे. परत गावी जायचे, की मुलांच्या शाळेसाठी याच शहरात खोली घेऊन राहायचे, हा निर्णय तिला घ्यावा लागतो. आणि बहुतेक वेळा नवरा दुर्गम चौकीवर असताना, फोनवरच्या तुटक संभाषणात घ्यावा लागतो.

मागे राहिलेल्या कुटुंबांसाठी लष्कराची स्वतंत्र निवासस्थाने आहेत, पण ती मोजकी आहेत. विवाहित सैनिकांच्या घरांची टंचाई हा फार जुना विषय आहे. २००२ साली विवाहित निवास प्रकल्पासाठी स्वतंत्र महासंचालनालय उभे राहिले, अनेक ठाण्यांवर नव्या इमारती झाल्या, हे नाकारता येणार नाही. तरीही काम टप्प्याटप्प्याने रेंगाळत गेले आणि प्रतीक्षायादी संपली नाही. ज्या देशात सीमेवरचा रस्ता आणि बोगदा विक्रमी वेळात पूर्ण होऊ शकतो, त्या देशात जवानाच्या दोन खोल्यांना एवढा विलंब का लागावा, हा प्रश्न कोणत्याही पक्षाच्या सरकारला विचारावाच लागेल. आपल्या विचाराचे सरकार असले तर अधिकच आग्रहाने.

मुलांच्या शिक्षणाची बाजू त्यामानाने बरी आहे. केंद्र सरकारच्या बदलीयोग्य कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी केंद्रीय विद्यालयांची कल्पना आली आणि १९६३ साली वीस रेजिमेंटल शाळा ताब्यात घेऊन तिचा आरंभ झाला. म्हणजे आज नागरी पालक ज्या शाळेच्या प्रवेशासाठी धडपडतात, तिचे मूळ लष्करी छावणीत आहे. पुढे १९८३ मध्ये आर्मी वेल्फेअर एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि आर्मी पब्लिक स्कूलचे जाळे देशभर पसरले. अभ्यासक्रम सर्वत्र एकच असल्याने अंबाल्याचा विद्यार्थी देवळालीत येऊन त्याच पुस्तकाचे पुढचे पान उघडू शकतो. पण पुस्तक तेच असले तरी वर्ग तोच नसतो. बारावीपर्यंत सात-आठ शाळा पालटलेली मुले या वर्गात सर्रास आढळतात. अशी मुले चटपटीत होतात, चार भाषा बोलतात, नव्या माणसाशी लगेच मैत्री करतात, असे कौतुकाने सांगितले जाते आणि ते खोटे नाही. पण बालपणापासूनचा एकही मित्र नसणे ही काय चीज आहे, हे त्या मुलांनाच विचारावे. आणखी एक गोष्ट आहे, जी मराठी माणसाला बोचली पाहिजे. या मुलांतली कित्येक मराठी घरी बोलतात, पण वाचू शकत नाहीत. आजीला पत्र लिहायचे तर हिंदीत लिहितात. देशासाठी घर सोडलेल्या माणसाच्या मुलाची मातृभाषा सुटावी, हे त्याच्या वाट्याला आलेले आणखी एक मोल आहे, आणि ते कोणत्याही पगारपत्रकात दिसत नाही.

कागदपत्रांच्या बाबतीत अलीकडे काही सुधारणा झाल्या, त्यांची नोंद घेतली पाहिजे. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ वाहन ठेवले की त्याची तिथे नव्याने नोंदणी करणे कायद्याने आवश्यक असते. दर बदलीला हा व्याप सैनिकाच्या मागे असे. २०२१ मध्ये ‘बीएच’ मालिका आली आणि बदलीच्या नोकरीतील लोकांची त्यातून सुटका झाली. मतदानाचेही तसेच. सेवेतील मतदाराचे नाव मूळ गावी असे आणि टपाली मतपत्रिका सीमेवर पोहोचून परत येईपर्यंत निकाल लागून जात. २०१६ पासून मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवण्याची सोय झाली. कायद्यात सैनिकाच्या ‘पत्नी’ला ही सवलत होती, ‘पती’ला नव्हती, स्त्री अधिकाऱ्यांची संख्या वाढल्यावर ही विसंगती डोळ्यात भरू लागली आणि २०२१ च्या दुरुस्तीने ती दूर झाली. महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात सैनिकांच्या पाल्यांसाठी राखीव जागा आहेत आणि राज्यात बदलून आलेल्या परप्रांतीय सैनिकाच्या मुलांचाही त्यात वेगळा विचार केलेला आहे. नियम करणाऱ्याने थोडा विचार केला तर मार्ग निघतो, याचीच ही उदाहरणे.

पत्नीच्या नोकरीचा प्रश्न मात्र अजून कोणी नीट हाताळलेला नाही. आज जवानाची पत्नीही पदवीधर असते, डी.एड., बी.एड., नर्सिंग झालेली असते. तिला एका राज्यात नोकरी लागली की नवऱ्यापासून दूर राहायचे, किंवा नवऱ्याबरोबर जायचे तर नोकरी सोडायची, असा पेच पडतो. आर्मी वाइव्हज वेल्फेअर असोसिएशन १९६६ पासून छावण्यांमध्ये शिवण, संगणक, बालवाडी असे उपक्रम चालवते. त्यांचा उपयोग आहेच. परंतु गणितात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या स्त्रीला शिवणवर्गाचे समाधान किती दिवस पुरेल? घरून करता येण्याजोगे काम गेल्या काही वर्षांत वाढले आहे. आपल्या माहितीतल्या उद्योजकांनी आणि शिक्षणसंस्थांच्या चालकांनी या स्त्रियांना नेमताना ‘दोन वर्षांत सोडून जाईल’ ही सबब पुढे करू नये. दोन वर्षे मन लावून शिकवणारी शिक्षिका, वीस वर्षे मन न लावता शिकवणाऱ्यापेक्षा केव्हाही चांगली.

छावणीतले जीवन म्हणजे नुसती गैरसोय, असे चित्र रंगवणेही योग्य नाही. तिथल्या एका चाळीत केरळची नर्स झालेली सून, गढवालची सासू, राजस्थानची नवी नवरी आणि साताऱ्याची लेकुरवाळी एकाच नळावर पाणी भरतात. कुणाच्या घरी बाळंतपण असले तर डिंकाचे लाडू, पंजिरी आणि तांदळाची पेज तिन्ही घरांतून येतात. राष्ट्रीय एकात्मतेवर परिसंवाद घेण्यापेक्षा अशा चाळीत पंधरा दिवस राहून यावे. मराठा पलटण काश्मीरात असो वा अरुणाचलात, गणेशोत्सव चुकत नाही. ढोल-ताशा, आरती, विसर्जन सारे यथासांग होते आणि शेजारच्या पलटणीतले शीख, डोगरा, गोरखा जवान प्रसादाला येतात. २०२३ च्या नोव्हेंबरात काश्मीरमधील कुपवाडा येथे आणि २०२४ च्या डिसेंबरात लडाखमध्ये पँगाँग सरोवराच्या काठी, १४,३०० फुटांवर, शिवछत्रपतींचे पुतळे उभे राहिले. जिथे जाऊ तिथे आपले दैवत बरोबर नेणे, ही सैनिकाची घर थाटण्याची रीत आहे. छावणीला दोष नाहीत असेही नाही. नवऱ्याच्या हुद्द्याची उतरंड बायकांच्या भेटीगाठीतही शिरते, साहेबांच्या पत्नीपुढे जवानाची पत्नी खुर्चीच्या कडेवर बसते. शिस्त पलटणीत हवी. हळदीकुंकवात ती नसली तरी सीमा असुरक्षित होणार नाही.

आता प्रश्न समाजाचा. महाराष्ट्रात पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, कामठी, अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगर अशा सात छावण्या आहेत. छावण्यांतील नागरी वस्ती नगरपालिका-महापालिकांत विलीन करण्याची प्रक्रिया २०२३ मध्ये हिमाचलमधील योलपासून सुरू झाली. त्यामुळे लष्करी वस्ती आणि शहर यांतली हद्द पुढे कशी राहील, याची चर्चा चालू आहे. ती हद्द नकाशावर कुठेही असो, माणसांच्या मनातली भिंत मात्र पक्की आहे. छावणीच्या फाटकाबाहेर अर्ध्या मैलावर राहणाऱ्या कुटुंबांना आत कोण राहते, याची दखल नसते. कारगिलच्या वेळी, १९९९ साली, याच कुटुंबांनी निधी दिला, रक्त दिले, पत्रे लिहिली. युद्ध संपले आणि संबंधही संपला. युद्धापुरती जागी होणारी देशभक्ती सैनिकाच्या पत्नीला फारशी उपयोगी पडत नाही. तिला मंगळवारी रात्री अकरा वाजता मुलाला घेऊन दवाखान्यात जायचे असते आणि रिक्षा मिळत नसते. बरोबर येणारे कोणी असेल तर तिला हवे असते.

शाखेच्या आणि सेवाकार्याच्या व्यवस्थेला हे काम अवघड नाही. एखाद्या नगरात नवे सैनिक कुटुंब आले, तर पहिल्या आठवड्यात एका गृहिणीने जाऊन भेटावे. डॉक्टर, शाळा, किराणा, रेशन कार्यालय यांची माहिती द्यावी. सणाला घरी बोलवावे. कुटुंब परप्रांतीय असेल तर अधिक अगत्याने. बिहारचा किंवा तमिळनाडूचा जवान पुण्यात बदलून आला, तर त्याची पत्नी पुण्यात तेवढीच परकी असते जेवढी माणची मुलगी पठाणकोटला असते. तिथे आपल्या लेकीला कुणी सांभाळून घ्यावे असे ज्यांना वाटते, त्यांनी इथे आलेल्या दुसऱ्याच्या लेकीला ‘बाहेरची’ म्हणणे कसे शोभेल? पूर्व सैनिक सेवा परिषदेचे कार्यकर्ते आणि भोसला मिलिटरी स्कूलसारख्या १९३७ पासून सैनिकी शिक्षण देणाऱ्या संस्थांचे माजी विद्यार्थी यांत पुढाकार घेऊ शकतील. त्यांना लष्कराची भाषाही कळते आणि शहराचीही.

दुसरे काम गावातले आहे, आणि ते अधिक जिकिरीचे आहे. जवान सीमेवर असताना गावाकडे बांध कोरला जातो, वाटणीत कमी जमीन लिहिली जाते, सातबाऱ्यावरची नोंद परस्पर बदलते. पत्नी एकटी, म्हातारा बाप थकलेला, भाऊबंद जबरदस्त. सुट्टीचे वीस दिवस तलाठी कार्यालय आणि कोर्टाच्या पायऱ्या चढण्यात जातात, आणि तारीख सुट्टी संपल्यानंतरची पडते. कायदा याबाबत अगदी मुका नाही. १९२५ साली झालेल्या इंडियन सोल्जर्स लिटिगेशन अॅक्टने, युद्धजन्य किंवा विशेष परिस्थितीत सेवा बजावणाऱ्या सैनिकाविरुद्ध त्याच्या गैरहजेरीत दिवाणी दावा पुढे रेटला जाऊ नये, अशी तरतूद केली. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २३ मध्ये सैनिकाला स्वतःच्या राहण्यासाठी आपले घर भाडेकरूकडून परत मिळवण्याचा खास मार्ग दिलेला आहे. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने ‘वीर परिवार सहायता योजना’ सुरू करून सैनिक कल्याण कार्यालयांमार्फत विधी साहाय्य देण्याचे ठरवले. पण कलम आहे हे सांगणारा कोणी असावा लागतो. प्रत्येक तालुक्यात आपल्या परिचयाचे चार वकील असतात. त्यांतल्या एकाने महिन्यातून एक रविवार जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला दिला, तर बर्फात उभ्या असलेल्या माणसाच्या मनावरचे ओझे बरेच उतरेल. सरहद्दीवर जागणारा माणूस घरच्या बांधाच्या चिंतेने जागत राहावा, यासारखी लाजिरवाणी गोष्ट दुसरी नाही.

आणि शेवटच्या बदलीचे काय? शिपाई पंधरा वर्षांच्या सेवेनंतर निवृत्तिवेतनास पात्र होतो आणि पुष्कळ जण चाळिशीच्या आतच ट्रंका घेऊन गावी परततात. यावेळी हुकूम नसतो, पुढे गेलेली तुकडी नसते, क्वार्टर नसते. मुलगी नववीत, आतापर्यंतचे शिक्षण हिंदी-इंग्रजीत. गावची शाळा मराठी माध्यमाची. पत्नीला पंधरा वर्षांत मोकळ्या हवेची सवय झालेली. गावात पुन्हा डोईवरचा पदर आणि चुलत सासूची नजर. त्याची स्वतःची अवस्था तर अशी, की कालपर्यंत दहा जवान ज्याच्या एका शब्दावर हलत होते, त्याला आज पतसंस्थेच्या दारात रखवालदाराची खुर्ची मिळते. लेहच्या वाटेवरची ती चौदा दिवसांची शिडी खरे तर इथे सर्वांत जास्त हवी आहे. २०२२ पासून अग्निपथ योजनेत भरती झालेल्यांतले तीन चतुर्थांश तरुण चार वर्षांनीच बाहेर पडणार आहेत. ते अविवाहित असतील, बिऱ्हाड हलके असेल, पण परतण्याचा प्रश्न त्यांनाही आहेच आणि त्यांची संख्या मोठी असेल.

गावोगावच्या सहकारी संस्था, साखर कारखाने, शाळा यांच्या संचालक मंडळांवर आपली माणसे आहेत. निवृत्त सुभेदाराला फाटकावर उभे करण्याऐवजी व्यवस्थापनात घेता येईल का, हा विषय येत्या सर्वसाधारण सभेत मांडता येण्याजोगा आहे. शाळांनी नववी-दहावीत येणाऱ्या अशा मुला-मुलींसाठी जून-जुलैत मराठीचा खास वर्ग चालवावा. निवृत्त शिक्षक आनंदाने शिकवतील. आणि सातही छावण्यांच्या शहरांतील कार्यकर्त्यांनी, सैनिकाच्या कुटुंबाला किती महिने राहणार असे न विचारता खोली देतील, अशा घरमालकांची एक यादी येत्या मार्चपर्यंत तयार करून स्टेशन मुख्यालयाकडे द्यावी. शैक्षणिक वर्ष संपता संपता बदल्यांचा हंगाम सुरू होतो, आणि ट्रंका बांधायला घेतल्या की शोधाशोधीला फार दिवस उरत नाहीत.